जेठाचं ढेकूळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी लासूरच्या माळावरच्या वस्तीत सगळ्यात आधी उठायचा मान सुगंधाबाईचा. सासू होती तोवर तो सासूचा होता. ती गेल्याला चार वर्षं झाली आणि पितरांची घागर मांडायचं काम मोठ्या सुनेकडं आलं. काम तसं सोपंच. लिंबाखालची जागा सारवायची, जेठ, आखाड, श्रावण, भादवा अशा चार महिन्यांच्या नावानं चार ढेकळं ठेवायची आणि त्यांच्यावर नवी मातीची घागर पाण्यानं भरून टेकवायची. घागर दिवसभर पाझरते. दिवस मावळताना जे ढेकूळ जास्त भिजलेलं, त्या महिन्यात पाऊस. एवढ्या चार ढेकळांवर सव्वाशे मेंढरांचा आणि घरच्या सगळ्या माणसांचा उन्हाळा ठरायचा.

जेठ भिजला तर पाऊस लवकर. मग खाली नदीकाठच्या, गंगथडीच्या काळ्या रानात राहून चालत नाही, चिखलात मेंढरांचे खूर कुजतात. पाऊस लागायच्या आत डोंगर गाठायचा, सिल्लोडच्या पुढं, घाटाच्या अंगाला. जेठ कोरडा निघाला तर डोंगरावर जाण्यात अर्थ नाही, तिथले झरे आटलेले. मग कालव्याच्या पाण्यावर खालीच दिवस काढायचे.

गेली सोळा वर्षं जेठ कोरडा निघत होता. आणि या साली सुगंधाबाईला तो भिजलेला हवा होता. नुसता हवा नव्हता, त्यापायी ती चार रात्री धड झोपली नव्हती.

कारण कौसा. तिची एकुलती एक लेक, घाटाखालच्या गावात दिलेली, आठवा महिना लागलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, आणि मेंढरामागं फिरणाऱ्यांच्या पोरीचं माहेर म्हणजे मेंढरं जिथं बसतील ती जागा. कौसाच्या सासूनं सरळ सांगितलं होतं, "असल्या उन्हात पोटुशी पोर मी एसटीत घालून खाली धाडनार नाय. तुमी वर आलात तर खुशाल न्या." बाई काही चुकीचं बोलली नव्हती. पण आईनं लेकीच्या सासरी जाऊन राहावं अशीही रीत नव्हती. म्हणजे कळपानं डोंगर धरला तरच लेकीच्या उशाला आई असणार होती.

नवऱ्याला तिनं तीनदा सांगून पाहिलं. कारभारी भला माणूस, पण बापापुढं त्याच्या तोंडातून आवाज फुटत नसे. तिन्ही वेळा तो एकच बोलला, "बा म्हणंल तसं."

बा म्हणजे मुंजाबा. सत्तरी ओलांडलेला, काठीसारखा सरळ, आणि ढेकळांच्या बाबतीत कडक. घागर सुनेनं मांडायची, पण ढेकळं निवडायची त्यानंच. आजही तो झुंजुमुंजूला रानात जाऊन धोतराच्या सोग्यात चार ढेकळं घेऊन आला आणि एकेक हातानं ठेवत गेला.

"हा जेठ. ह्यो आखाड. हलवू नको गं."

"कशाला हलवीन मामंजी?" सुगंधाबाई म्हणाली, आणि तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं, कारण मनात तेच होतं.

दहाच्या सुमाराला माळावर लुना फटफटली. वाळूजच्या कारखान्यात असलेला धाकटा दीर सोनाजी आला होता, आणि मागं आंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन आणखी एक माणूस. तिशीतला, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला पेन.

"वहिनी, ह्यो पुंडलिक," सोनाजी उतरता उतरता म्हणाला. "आमच्या शिफ्टचा. सांगितलं व्हतं ना, पेढेवाला."

सांगितलं होतं खरं. संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं, त्या दिवशी या पुंडलिकानं कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले होते. सोनाजीनं दोन खाल्ले आणि एक बापासाठी रुमालात बांधून आणला. "कुणी दिला?" म्हाताऱ्यानं विचारलं होतं. "पुंडलिकानं. घाटाखालच्या साळूबाईचा." त्यावर मुंजाबा पेढा हातात घेऊन मेंढरांकडं निघून गेला होता. तो त्यानं खाल्ला की नाही, कुणाला कळलं नाही.

साळूबाईला सुगंधाबाई कशी विसरेल? कौसा डोंगरावर पालात जन्मली तेव्हा सुईण म्हणून तीच आली होती. पण अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणातल्या एका पहाटेनंतर तिचं नाव या वस्तीत कुणी काढलं नव्हतं.

"जय भीम, बाबा," पुंडलिक म्हणाला.

"राम राम. बस," मुंजाबा म्हणाला, आणि चिलीम शोधायला आत गेला. चिलीम त्याच्या कमरेलाच होती.

सोनाजीला अशा गोष्टी दिसत नसत. त्यानं खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिला. "बा, आवंदा ढेकळाची गरजच नाय. हवामान खात्यानं सगळं छापून दिलंय. वाच रे पुंडलिक, तुझं वाचनं शुद्ध हाय."

पुंडलिकानं वाचलं. मैदानी भागात येते दोन आठवडे तापमान सरासरीपेक्षा जास्त, दुपारी उष्णतेची लाट. डोंगराळ भागात तुलनेनं सुसह्य हवा, सायंकाळी वळवाच्या सरींची शक्यता. मान्सून वेळेवर.

सुगंधाबाईच्या हातातलं पुरणाचं पातेलं जागीच थांबलं. इतकं गोड वाक्य तिनं वर्षात ऐकलं नव्हतं.

"शक्यता!" आतून दगडाबाईचा आवाज आला. मुंजाबाची ही विधवा बहीण भावाकडंच राहायची, आणि तिला गंगथडीच पाहिजे असायची, कारण तिची लेक पैठणच्या बाजूला. "शक्यता काय मलाबी सांगता येती. उद्या मी राणी व्हायची शक्यता हाय."

"आत्याबाई, ते इमानानं, फुग्यानं बघतेत," सोनाजी म्हणाला.

"फुग्यानं? जत्रंतल्या?"

पुंडलिकाला हसू आवरेना. सुगंधाबाईनंही पदर तोंडाला लावला. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सोनाजी दरवर्षी आत्याच्या पार्टीत असे. कळप गंगथडीला असला की सुट्टीच्या दिवशी लुना काढून भाकरी खायला येणं सोपं जाई. आज तो डोंगराची बाजू का घेतोय?

ती चुलीपाशी आल्यावर त्यानंच खालच्या आवाजात सांगितलं. "वहिनी, पुंडलिकानं घाटाखाली दोन एकर घेतलंय. त्याला वावरात मेंढरं बसवायचीत, खतासाठी. म्या शब्द दिलाय."

"मामंजीला इचारून?"

"न्हाई ना!"

"मंग कुणाच्या जिवावर दिला शब्द?"

"तुमच्या," सोनाजी म्हणाला. सुगंधाबाईनं त्याच्या हातावर गरम पुरणपोळी आदळली, पण तिचा जीव एकदम हलका झाला. आता आपण एकटी नाही, एवढं कळलं की माणसाला केवढा आधार वाटतो.

जेवणं झाली. आमरस, पुरणपोळी, कुरडया. दगडाबाईनं पुंडलिकाचं ताट पंगतीपासून हातभर बाजूला मांडलं होतं. सोनाजी स्वतःचं ताट उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्यामागं कारभारीही उठला, ज्याला कधी आवाज फुटत नसे तो. मुंजाबा मान खाली घालून जेवत होता. त्यानं एकच पोळी खाल्ली.

मग दुपार झाली. लासूरच्या माळावरची वैशाखातली दुपार म्हणजे कोंबड्यासुद्धा चोच उघडी टाकून सावलीला पडतात. घरातली सगळी माणसं जागा धरून आडवी झाली, आणि थोड्या वेळात सगळीकडून घोरण्याचे आवाज येऊ लागले. जरा जास्तच एका सुरात येत होते, पण सुगंधाबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती तांब्या घेऊन उठली.

लिंबाखाली कुणी नव्हतं. ती घागरीपाशी बसली, पितरांना हात जोडले. "आत्या, माफ करा," ती मेलेल्या सासूला म्हणाली. "तुमच्याच नातीसाठी करतीय." आणि जेठाच्या ढेकळावर तिनं पाणी सोडलं.

ढेकूळ पाणी पिईना. वरची काळी माती जराशी ओघळली आणि सगळं पाणी घरंगळून शेजारच्या आखाडाखाली गेलं. आखाड घटाघटा प्यायला. तिनं आणखी ओतलं. ते भादव्याकडं वळलं. अर्धा तांब्या रिकामा झाला तरी जेठ आहे तसाच, आणि त्याचे दोन्ही शेजारी मात्र चिंब. सुगंधाबाई घाबरली. हा पितरांचाच कोप, असं तिला वाटलं. तेवढ्यात पावलं वाजली आणि ती कणगीच्या आड झाली.

कारभारी आला. हातात तांब्या. इकडं तिकडं पाहिलं आणि वाकून जेठावर पाणी घातलं. "बा म्हणंल तसं" म्हणणारा तिचा नवरा! लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण त्या घडीला तो तिला जेवढा आवडला तेवढा कधी आवडला नव्हता. कणगीमागून धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडावं असं तिला वाटलं. पण पाणी पुन्हा आखाडाकडं पळालं, आणि कारभारी डोकं खाजवत परत गेला.

त्याच्यामागून दगडाबाई आली. तिनं निवांत, पदरानं वारा घेत, आखाडावर लोटीभर पाणी ओतलं आणि गेली. मग सोनाजी. त्यानं तर बादलीच आणली होती.

दिवस कलला. तापलेल्या माळावरून जरा वारा सुटला, मेंढरं वाड्याकडं आली आणि सगळी घागरीभोवती जमली. सगळ्यांचे चेहरे कसे भोळेभाबडे. पुंडलिकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो पाहुण्यासारखा एका बाजूला, घागरीच्या जवळच उकिडवा बसला होता.

मुंजाबा पुढं झाला. वाकला. आणि तसाच राहिला.

आखाड नव्हता, श्रावण नव्हता, भादवा नव्हता. नुसता काला झाला होता. त्यात जेठ तेवढा टणक, खडखडीत उभा.

"इतकं पाझरलं?" मुंजाबा म्हणाला.

"कोऱ्या घागरी हल्ली ठिसूळच येत्यात," दगडाबाई घाईनं म्हणाली.

तेवढ्यात तीन बाजूंचा आधार गेलेली घागर कलली. पितरांची घागर आखाजीला फुटणं म्हणजे काय, हे सांगायला नको. सुगंधाबाईच्या तोंडून किंकाळी फुटली. पण घागर खाली आलीच नाही. पुंडलिकानं पुढं झेपावून ती दोन्ही हातांनी कवटाळली होती. पाणी त्याच्या शर्टावर, पेनवर, तोंडावर उडालं.

पितरांचं पाणी आणि कुणाचे हात, हा हिशोब दगडाबाईच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होता. पुंडलिकालाही तो दिसला. त्याचा चेहरा उतरला आणि तो घागर खाली ठेवायला जागा शोधू लागला.

"ठिवू नको," मुंजाबा म्हणाला. "धरून ठेव."

मग तो म्हातारा चिखलात गुडघे टेकून बसला. त्यानं जेठाचं ढेकूळ उचललं आणि धोतरानं पुसलं. वरची काळी माती निघाली आणि आतून पिवळट, दगडासारखा मुरूम दिसला.

"मुरमाचं हाय," तो म्हणाला. "सोळा सालं जेठ म्या मुरमाचाच ठेवतोय. वरनं काळी माती चोपडायची. मुरूम पानी धरीत नाय. जेठ कोरडा, कळप खाली. कुनी इचारायचं कारन नाय."

"पण कामून, बा?" कारभारीच्या तोंडून गेलं.

मुंजाबा पुंडलिकाकडं पाहत बोलला. "नामांतराच्या दंग्यात घाटाखाली ह्यांची घरं पेटवली तवा ह्याची माय ह्याला घेऊन पहाटंचं वर आली व्हती. माझ्या पालापशी. दोन घोंगड्या मागितल्या, दिवसभर बसू द्या म्हणली. तीन सालं आदी तिनं माझी नात सोडवली व्हती. आन म्या म्हणलो, बाई, फुडं जा. गाव माझं चरनं बंद करंल." त्यानं हातातलं ढेकूळ मुठीत आवळलं. "त्या साली डोंगर सोडला. परत कोन्या तोंडानं जायाचं?"

सुगंधाबाईला ती पहाट जशीच्या तशी दिसली. ती पालात होती, तीन वर्षांची कौसा मांडीवर. सगळं ऐकलं होतं आणि पदर ओढून गप्प बसली होती. सोळा वर्षं ती ढेकळांवर विश्वास ठेवत आली, कारण ते सोयीचं होतं. तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

"मामंजी, म्याबी आत व्हते," ती म्हणाली. "म्याबी काय बोलले नाय. आन आज दुपारी जेठावर पानी म्याच घातलं, कौसासाठी."

"तूबी?" कारभारी म्हणाला.

"आन तुमीबी. बघितलंय म्या."

"म्या बादली घातली," सोनाजीनं हात वर केला.

सगळे दगडाबाईकडं वळले. ती क्षणभर ताठ बसली. मग म्हणाली, "आखाडावर. लोटीभरच." आणि स्वतःच खुदकन हसली. आधी सोनाजी हसला, मग कारभारी, मग डोळे पुसता पुसता सुगंधाबाई. मुंजाबाच्या खांद्यांना हिसके बसू लागले तेव्हा तो रडतोय की हसतोय ते कळेना. बहुधा दोन्ही असावं.

"बाबा," पुंडलिक म्हणाला, "घागर ठिवू का? हात भरून आले."

"थांब." मुंजाबा उठला, दोन्ही हातांची ओंजळ करून त्याच्यासमोर वाकला. "आधी वत."

पुंडलिकानं घागर तिरपी केली. म्हातारा घटाघटा प्यायला, दाढीवरून पाणी गळेपर्यंत. त्याच्यामागं कारभारीनं ओंजळ धरली, मग सुगंधाबाईनं. दगडाबाई जागची हलली नाही, पण सगळ्यांचं झाल्यावर तिनं पुंडलिकाच्या हातून घागर घेतली आणि स्वतः दुसऱ्या जागी नीट टेकवून ठेवली. तिच्याकडून त्या दिवशी एवढंच झालं, आणि तेही कमी नव्हतं.

"आता सांग," मुंजाबा ओल्या दाढीवरून हात फिरवत म्हणाला. "साळूबाई काय म्हणंल?"

पुंडलिकानं तोंडावरचं पाणी पुसलं. "आई इसरली नाय, बाबा. म्याबी नाय. नाव मिळायला सोळा सालं गेली, त्यात आमची घरं गेली, मानसं गेली. ते पेढ्यानं भरून येत नाय." त्यानं ओला शर्ट झटकला. "पण म्या इकडं येतो म्हणलो तवा ती म्हणली, त्या म्हाताऱ्याला घेऊन ये. लई दिसाचं बोलायचं राहिलंय. त्यानं गप बसून ऐकायचं. मंग च्या टाकीन. कौसाची नाळ म्या कापली व्हती, आता ती दिवसांत हाय आसं ऐकलंय, तिच्या लेकराचंबी म्याच बघीन, दवाखान्याची नर्स येवोस्तोवर."

सुगंधाबाईला पुढचं काही ऐकू आलं नाही. ती चुलीकडं धावली आणि उगाचच पोळ्यांची चळत मोजायला लागली, कारण हातांना काहीतरी काम पाहिजे होतं. कौसा डोळ्यांपुढं आली, उशाला आपण आणि पायाशी साळूबाई. बाहेरून सासऱ्याचा आवाज आला, "सकाळी उन्हाच्या आत निघायचं. डोंगराला."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला कळप हलला. घोड्यावर पाल, भांडी, कोंबड्यांची खुराडी. सगळ्यात वर सुगंधाबाईनं बांधलेली एक इवलीशी घोंगडी. मुंजाबानं जेठाचं ढेकूळ वाटेवरच्या खड्ड्यात फेकलं आणि पायानं दाबलं. वर्तमानपत्राची घडी मात्र त्यानं मुंडाशात खोचून घेतली होती. वाचता येत नसलं म्हणून काय झालं.

कोसभर गेल्यावर सुगंधाबाईच्या लक्षात आलं, म्हातारा स्वतःशीच पुटपुटतोय.

"काय बोलताय, मामंजी?"

"काय नाय. साळूबाई काय काय म्हणंल, त्याला जबाब शोधतोय."

"सापडला का?"

मुंजाबानं कपाळावर हात धरून पुढं पाहिलं. ऊन अजून कोवळं होतं आणि लांब उत्तरेला डोंगराची निळी रेघ दिसायला लागली होती.

"नाय सापडला," तो म्हणाला. "ऐकून घेतो." आणि काठी खांद्यावर टाकून तो मेंढरांच्याही पुढं निघाला.